जुना बंब पेटवण्याआधी

आज टेबलावर पुस्तकांऐवजी हे तांब्याचं धूड ठेवलेलं पाहून पुढच्या रांगेतली मंडळी हसताहेत. हसा. पण यातल्या निम्म्या लोकांच्या घरी माळ्यावर किंवा गावच्या पडवीत असाच एक बंब पडलेला असणार, आणि हल्ली तो खाली काढून घासूनपुसून पुन्हा पेटवायची हौस बरीच वाढली आहे. शेतघरं झाली, कोकणातली राहायची घरं झाली, तिथे पाहुण्यांना बंबाचं पाणी द्यायचं असतं. दिवाळीच्या पहाटे नातवंडांना दाखवायचं असतं. हौसेला आमची हरकत नाही. पण वस्तू हातात आली आणि तिच्याबरोबरची समज मागे राहिली, असं आपल्याकडे पुष्कळदा होतं. म्हणून आज त्या समजेबद्दल बोलू.

आधी हा आतून कसा असतो ते पाहू, कारण बाकी सगळं त्यावरून निघतं. बाहेरून दिसतो तो उभा गोल पिंप. त्याच्या पोटातून, बरोबर मधून, खालपासून वरपर्यंत एक नळी आरपार जाते. नळीच्या तळाशी लोखंडी सळ्यांची जाळी. जाळीखाली राख पडायला आणि हवा आत शिरायला मोकळी जागा, आणि सगळा डोलारा तीन पायांवर उभा. पाणी असतं ते नळी आणि बाहेरचा पत्रा यांच्या मधल्या जागेत. ते ओतायला वर बाजूला एक तोंड, त्यावर सैल झाकण, आणि खालच्या अंगाला पितळी तोटी. म्हणजे चुलीवर भांडं ठेवायच्या ऐवजी इथे चूलच भांड्याच्या पोटात घातली आहे. काश्मीरचा किंवा रशियातला सामोवार ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही युक्ती लगेच ओळखू येईल. फरक एवढाच, की सामोवारातलं पाणी प्यायचं असतं म्हणून काश्मिरी सामोवाराला आतून कल्हई असते. बंबाला बहुधा नसते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

शब्दाचीही गंमत पाहा. आग विझवायला येतो तोही बंब, आणि आग पोटात घेऊन बसतो तोही बंबच. मराठीला यात काही विसंगती वाटलेली नाही.

नळी मधून का जाते? तापलेली हवा हलकी होऊन वर निघते, तिच्या जागी जाळीखालून ताजी हवा ओढली जाते, आणि विस्तव आपला आपण फुंकला जातो. शिवाय आगीच्या चहूबाजूंनी पाणी असल्यामुळे उष्णता वाया कमी जाते. ढोबळ हिशेब करू. २० लिटर पाणी २५ अंशांवरून ७५ अंशांवर न्यायला १००० किलोकॅलरी लागतात. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत साधारण ३५०० ते ४००० किलोकॅलरी असतात. त्यातला एक तृतीयांश जरी पाण्याला मिळाला तरी पाऊण ते एक किलो लाकडात काम होतं. आणि त्या पाण्यात विसण घातलं की दोन माणसांची अंघोळ आरामात.

आता पारख. जुन्या बाजारात जे बंब मिळतात त्यांतले काही मुळात पेटवण्यासाठी केलेलेच नसतात. दिवाणखान्यात ठेवायचे, शोभेचे. नळी आरपार आहे का ते वाकून पाहा. खालून वर उजेड दिसला पाहिजे. जाळी आहे का, तोटीला आतून भोक आहे का, ते बघा. (हसू नका, बिनभोकाची तोटी आम्ही स्वतः पाहिली आहे.) मग खिशातून लोहचुंबक काढा. तांब्याला आणि पितळेला तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंडी पत्रा आहे आणि वर नुसता मुलामा. साधे जस्ती पत्र्याचे बंबही होते. ते वाईट नव्हेत, पण जस्त गेलं की आतून गंजतात, आणि पन्नास वर्षं पडून राहिलेल्या जस्ती बंबावर आम्ही तरी भरवसा ठेवणार नाही.

तांब्याचा असेल तर अंगावर हात फिरवा. हातोडीचे बारीक, एकसारखे ठोके लागतील. याला मठारकाम म्हणतात. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं. हे ठोके केवळ शोभेसाठी नसतात. ठोकल्यानं तांब्याचा पत्रा कडक होतो आणि पातळ असूनही आकार धरून राहतो. मग सांधे पाहा. तांबूस पत्र्यावर पिवळसर रेघ दिसली, कधी दातेरी, करवतीसारखी, तर तो पितळेनं जोडलेला जुना पक्का सांधा. आणि राखाडी, मऊ, नखानं ओरखडा उठेल अशी रेघ दिसली तर ती शिसं आणि कथील यांची झाळ. पुष्कळ बंबांत दोन्ही असतात. मूळ सांधा पितळेचा आणि नंतर कुणीतरी गळती थांबवायला लावलेली झाळ.

हा फरक का महत्त्वाचा आहे ते सांगतो, कारण बंबाच्या आयुष्यातला पहिला मोठा धोका इथे आहे. तांबं वितळतं १०८५ अंशांना. लाकडाचा विस्तव सहसा तिथवर जात नाही, म्हणून तांबं सुरक्षित. पण शिसं-कथलाची झाळ २०० अंशांच्या आसपासच पाघळायला लागते, आणि विस्तव तर त्याच्या कितीतरी पुढे असतो. मग बंब रोज पेटतो तरी झाळ टिकते कशी? कारण पलीकडे पाणी आहे. पाणी आहे तोवर पत्रा १०० अंशांच्या फारसा वर जाऊच शकत नाही. येणारी उष्णता पाणी घेऊन टाकतं. पाणी संपलं की हे राखण संपतं, आणि काही मिनिटांत सांधा सुटतो. तेव्हा बंबाच्या नळीचं रक्षण तिच्या धातूपेक्षा पाणीच करत असतं.

म्हणून जुन्या घरात एक शिस्त होती. ज्यानं बादलीभर गरम पाणी काढलं त्यानंच तेवढं गार पाणी बंबात ओतायचं. आम्हाला लहानपणी वाटायचं की हा मागून येणाऱ्याचा विचार, म्हणजे शिष्टाचार. तो होताच. पण त्या शिष्टाचाराच्या पोटात यंत्राची सगळी सुरक्षितता लपवलेली होती. आज तुमच्या शेतघरावर आलेल्या पाहुण्याला हा नियम कोण सांगणार? तो तोटी सोडतो, पाणी आटेपर्यंत घेतो आणि छान म्हणून निघून जातो. तेव्हा नियम पाटी लिहून लावा, किंवा गार पाणी ओतायचं काम घरच्याच एका माणसाकडे ठेवा.

पेटवण्याआधीही एक साधी खूण आहे. पाणी भरलं की तोटी उघडायची. धार आली तर पाणी तोटीच्या वर आहे. मगच काडी लावायची. डोळ्यांनी तोंडातून बघून ‘असेल पाणी’ असं म्हणू नका. आत अंधार असतो.

आणि चुकून कोरडा तापलाच तर? हातून होणारी सगळ्यात स्वाभाविक गोष्ट म्हणजे घाईघाईनं वरून गार पाणी ओतणं, आणि नेमकं तेच करायचं नाही. तापलेल्या पत्र्यावर पडलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ दीड हजार लिटरच्याही वर जागा मागते. ती येते तोंडातून, तुमच्या चेहऱ्यावर. खालचा विस्तव सांडशीनं ओढून बाहेर काढा आणि बंब आपोआप गार होऊ द्या. सांधा गेला असेल तर गेला. तोंड वाचलं.

याच कारणानं झाकण सैल असतं. झाकण घट्ट बसवून वर दगड ठेवणारे लोक आहेत. बंब हा काही कुकर नव्हे, त्याला शिट्टी नाही. पाणीही काठोकाठ भरू नका. उकळीपर्यंत जाताना पाणी शेकडा चारच्या आसपास फुगतं. २५ लिटरच्या बंबात म्हणजे जवळजवळ लिटरभर. चार बोटं जागा सोडा.

गळती तपासायची पद्धत मात्र फार सोपी आहे आणि कुणी करत नाही. रात्री दिवे मालवा, बॅटरी नळीत खालून धरा आणि पाणी ओतायच्या तोंडातून आत पाहा. कुठे प्रकाशाचा ठिपका दिसला तर तिथे भोक. मग पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद कोरडा हवा. नळीला भोक असेल तर घरच्या घरी एपॉक्सी वगैरे लावायच्या भानगडीत पडू नका, ते आगीसमोर टिकत नाही. तांब्याचं काम करणाऱ्या माणसाकडे न्या आणि ‘झाळ नको, पितळेनं जोडून द्या’ असं स्पष्ट सांगा.

हिरवट डाग असतील. तांबं कळकलं की तो रंग येतो. बाहेरून चिंच आणि मीठ, किंवा बाजारातली पावडर. आतून चिंचेच्या पाण्यानं खंगाळून दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुवा. आणि आता ती कल्हईची गोष्ट. आतून उघडं तांबं, त्यात कुठेतरी शिशाची झाळ, आणि वरून गरम पाणी. हे पाणी अंघोळीचं. पिण्याचं नाही, चहाचं नाही, तांदूळ धुण्याचंही नाही. ‘तांब्याच्या भांड्यातलं पाणी चांगलं असतं’ हे वाक्य इथे कुणी आणू नये.

आता आमच्या मते आजच्या विषयाचा गाभा जिथे आहे तिथे येतो. आणि तिथे आम्हाला आमचीच फजिती सांगावी लागेल.

तुमच्यापैकी ज्यांनी न्यायशास्त्र थोडंफार वाचलं आहे त्यांना धूर आणि अग्नी ही जोडी पाठ असेल. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. जसं स्वयंपाकघरात. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’पासून सगळीकडे हेच उदाहरण. पण त्याच परंपरेत लगेच पुढचा प्रश्न विचारला जातो. उलट दिशेनं जाता येईल का? अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असं म्हणता येईल का? उत्तर आहे, नाही. त्यासाठी उदाहरण देतात तापवून लाल केलेल्या लोखंडाच्या गोळ्याचं. तिथे अग्नी आहे आणि धूर नाही. धूर यायला नुसता अग्नी पुरत नाही, ओलं इंधन लागतं. ही जी मधली लपलेली अट, तिला उपाधी म्हणतात. आम्ही हे आयुष्यभर फळ्यावर लिहिलं.

आणि दहा-बारा वर्षांपूर्वी नरकचतुर्दशीच्या पहाटे आम्ही हा बंब फ्लॅटच्या न्हाणीघरात पेटवला. आधी गॅलरीत लाकडं पेटवली, धूर जाऊ दिला, लाल निखारे झाल्यावर उचलून आत आणला. गार वारा नको म्हणून दार लावलं, खिडकीची काच सरकवली. धूर नव्हता. डोळे चुरचुरत नव्हते. उटणं लावून आम्ही पाटावर बसलो. थोड्या वेळानं डोकं जड झालं. वाटलं, पहाटे उठल्यामुळे. मग मळमळलं. वाटलं, रात्रीचं फराळाचं. उठायला गेलो तर पाय हलेनात. तेवढ्यात बाहेरून घरच्यांनी हाक मारली, उत्तर नीट आलं नाही म्हणून दार ढकललं. कडी आम्ही लावली नव्हती, म्हणून आज हे व्याख्यान चाललं आहे.

चूक कुठे झाली? आम्ही ‘धूर नाही, म्हणून धोका नाही’ असं मनातल्या मनात म्हटलं. म्हणजे अग्नीतून धूर निघतोच, आणि धूर हाच धोका, अशा दोन चुकीच्या गोष्टी एका दमात धरल्या. लोखंडाच्या गोळ्याचं उदाहरण शिकवणारा माणूस लाल निखाऱ्यांसमोर दार लावून बसला.

निखाऱ्यांतून निघतो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांत जात नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीनं त्याला धरून ठेवतं, त्यामुळे श्वास नीट चालू असूनही शरीर उपाशी पडत जातं. आणि मेंदूच आधी मंदावत असल्यानं ‘काहीतरी बिघडलंय’ हे ठरवणारं यंत्रच बंद पडतं. म्हणून आम्ही पहाटेला आणि फराळाला दोष देत बसलो.

बंबात तर याला दुप्पट सोय आहे. नळी अरुंद आणि कोळशांनी भरलेली. खाली हवा मिळते तिथे कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वरच्या लाल कोळशांतून जाताना त्याचा मोनॉक्साइड होतो. मोकळ्या चुलीत हा वायू वर येऊन निळ्या ज्योतीनं जळून जातो. पण जळायला त्याला ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि बंबाच्या नळीची भिंत पाण्यामुळे थंड. तिथे तो न जळताच बाहेर पडतो. म्हणजे ज्या गुणामुळे बंब पाणी लवकर तापवतो आणि ज्या पाण्यामुळे नळी टिकते, त्याच गुणात हा दोष आहे.

मग आमच्या आजोळी तीस माणसांच्या घरात रोज बंब पेटायचा, तिथे कुणाला काही कसं झालं नाही? कारण तो बहुधा घरात नव्हताच, मागच्या पडवीत होता. आणि न्हाणीत असला तरी त्या न्हाणीला वर कौलं होती, कौलांच्या फटींतून ऊन आत यायचं, दाराला खाली वीतभर फट आणि भिंतीला झरोका. त्या बंबाची अर्धी सुरक्षितता घरात होती. आपण माळ्यावरून बंब खाली काढतो तेव्हा ती पडवी आणि ती कौलं बरोबर येत नाहीत. सिमेंटचं छत आणि काचेची सरकती खिडकी असलेल्या सहा बाय चारच्या खोलीत आणून ठेवला की तो वेगळीच वस्तू होतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरनं माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्याही याच जातीच्या.

तेव्हा नियम एकच आणि त्याला अपवाद नाही. बंब उघड्यावर पेटवायचा, अंगणात, पडवीत, गच्चीवर, आणि पाणी बादलीनं आत न्यायचं. ‘एक खिडकी उघडी ठेवू’ ही तडजोड आम्ही मान्य करणार नाही. निखारे संपत आलेला बंबही आत आणायचा नाही. धूर संपलेला असतो तेव्हाच हा वायू लक्षात येत नाही. डोकं जड, मळमळ, पायांत बळ नाही, आणि घरातल्या दोघा-तिघांना एकदम तसंच वाटू लागलं, तर कारण शोधत बसू नका. बाहेर पडा, दुसऱ्याला ओढून बाहेर काढा, १०८ ला फोन करा. बरं वाटायला लागलं तरी डॉक्टरांना दाखवा.

बाकीचं भरभर सांगतो. बंब विटांवर ठेवा, नुसत्या फरशीवर नको, तडकते. लाकडी खांब, वाळत घातलेले कपडे, गवताचं छप्पर यांपासून लांब. जळण वाळलेलं हवं. दोन काटक्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यावा, ओल्या लाकडाचा आवाज भद्द येतो. ढलप्या, करवंट्या, सोडणं, बाभूळ, सगळं चालतं. करवंट्या जपून, त्या भडकतात. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक घालू नका. कण्हेरीच्या काटक्या तर मुळीच नकोत, तिचा धूरही विषारी असतो. निखाऱ्यांवर रॉकेल ओतायचं नाही, हे सांगावं लागू नये, पण सांगतो. आणि जुन्या बंबात विजेची कॉइल बसवून देणारे भेटतात, त्यांना नमस्कार करून परत पाठवा. तांबं, पाणी, वीज आणि ओल्या पायाचा माणूस हे चौघं एकत्र आणायचे नसतात.

मुलं असतील तर घंगाळात आधी गार पाणी, मग गरम. आपल्याकडे विसण नंतर घालायची सवय आहे, कारण हाताला अंदाज येतो. पण त्या मधल्या अर्ध्या मिनिटात घंगाळात उकळतं पाणी उघडं असतं आणि मूल तिथेच घुटमळत असतं. भाजलंच तर २० मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी. बर्फ नको, हळद नको, टूथपेस्ट नको.

एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे, की राखेचं काय करायचं. चांगला प्रश्न. वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. म्हणून ती लोखंडी घमेल्यात काढायची, वरून पाणी शिंपडायचं आणि घमेलं उघड्यावर मातीवर ठेवायचं. प्लास्टिकच्या डब्यात किंवा सोसायटीच्या कचऱ्याच्या बादलीत टाकायची नाही. दुसऱ्या दिवशी हात घालून पाहा, गार असेल तर झाडांना घाला, नाहीतर भांडी घासायला ठेवा. बंब मात्र वापर संपला की तोटी उघडून पूर्ण रिकामा करायचा, पालथा घालून वाळवायचा, आणि नळीतली काजळी जुन्या फडक्यानं काढून मगच माळ्यावर.